जखमी सैनिक आणि खेळाचे मैदान

अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदांच्या मदतीने त्याला स्वतः धुऊन स्वच्छ केले. विनयपिटकातील ही कथा आपण विहारात ऐकतो. लष्करातून जखमी होऊन घरी आलेल्या जवानाकडे पाहताना मात्र ती आपल्याला आठवतेच असे नाही. आपल्या समाजात फौजी घराणी पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय आम्ही निवडला.

एकेकाळी पाठीचा कणा मोडलेला सैनिक फार दिवस जगत नसे. पडून पडून अंगाला जखमा होत, लघवीच्या मार्गात जंतुदोष होई आणि त्यातच तो जाई. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी खास विभाग निघाला. त्याचे प्रमुख डॉ. लुडविग गुटमन हे हिटलरच्या राजवटीतून निसटलेले ज्यू डॉक्टर होते. रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलण्याचा नियम त्यांनी घातला, आणि त्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, तेथे १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांनी चाकांच्या खुर्चीत बसून तिरंदाजीची स्पर्धा केली. पॅरालिंपिकचे मूळ ते हेच.

तिरंदाजीच का? कमरेखालचे अंग लुळे पडले की खाटेवरून खुर्चीत जायचे ते दंड, खांदे आणि पाठीच्या बळावर. धनुष्य ओढताना नेमके हेच स्नायू राबतात, बसल्या जागी तोल सांभाळण्याची सवय होते. पोहताना शरीराचा भार पाणी उचलते. आणि मनाचे म्हणाल, तर नेम धरून बसलेल्याला कोणी ‘बिचारा’ म्हणत नाही; त्याचे गुण मोजतात.

आपल्याकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे. लष्करात ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून पाय निकामी झाले. पुढे पोहण्याकडे वळलेल्या पेटकरांनी १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिलेच सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधल्या ४६ वर्षांबद्दल आम्ही काय लिहावे?

पुण्यात खडकी येथे १९७४ पासून अशा जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. पण प्रत्येक जण खडकीला जाणार नाही. बरेच जण आपल्याच गल्लीत असतात. जयंतीच्या क्रीडास्पर्धांत कॅरमची, बुद्धिबळाची नावे लिहून घेताना विद्यार्थ्यांनी त्यांच्या दारी जावे. स्पर्धा जिन्यावरच्या खोलीत ठेवू नये. मेहनतीचा खेळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, आणि खेळून आल्यावर घरच्यांनी अंग तपासावे. जेथे संवेदना नाही तेथे झालेली जखम त्याला स्वतःला कळत नाही.