जुनं आय-स्टार मॉडेल २.० मध्ये उतरवताना

चला, कागद पसरा. हाताशी जुन्या आय-स्टारमधली, म्हणजे कुणाला काय हवं आणि कोण कुणावर अवलंबून ते दाखवणाऱ्या पद्धतीतली, एक आकृती घेऊ: कोरपन्याच्या शेतकऱ्याने कापूस कुठे विकायचा? वर गोल म्हणजे उद्दिष्ट, ‘कापूस विकला जावा’. त्याकडे जाणाऱ्या दोन वाटा, ‘सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने देणे’ आणि ‘व्यापाऱ्याला देणे’. भोवती सातबारा, ओलावा, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर, पैसे. हीच आता आय-स्टार २.० मध्ये न्यायची.

१. आकृतीची प्रत काढा. मूळ कागदावर खाडाखोड नको, शेवटी तो लागणार आहे.

२. प्रतीवरच्या प्रत्येक रेघेला क्रमांक द्या. विनाक्रमांकाची रेघ हमखास हरवते.

३. जिथे ‘पोझिशन’ असेल तिथे ‘रोल’ लिहा. आपल्याकडे ग्रेडर. त्या जागी बसलेला प्रत्यक्ष माणूस मात्र एजंटच राहतो.

४. ॲक्टरांमधल्या ‘प्लेज’, ‘ऑक्युपाइज’, ‘कव्हर्स’ या रेघांवर ‘पार्टिसिपेट्स-इन’ लिहा. ‘इज-ए’ला हात लावू नका.

५. सॉफ्टगोलांचं नाव बदलून ‘क्वालिटी’ करा: ‘पैसे लवकर हातात’, ‘ओलावा आटोक्यात’. इथे बरेच जण घसरतात. ओलाव्याला ८ ते १२ टक्के असा आकडा आहे, म्हणून त्याला साधा गोल करून टाकतात. तसं करू नका. आकडा ठरलेला असला तरी ती कापसाच्या गुणाची पातळीच आहे, म्हणजे क्वालिटी.

६. ‘बिलीफ’ काढून समासात टीप म्हणून लिहा. ‘दिवाळीनंतर भाव चढेल’ हा आपला बिलीफ, २.० मध्ये त्याला चौकट नाही. जीआरएल या आय-स्टारच्या भावंड-भाषेत न्यायचं असतं तर तो तसाच राहिला असता.

७. ‘मीन्स-एन्ड’च्या बाणांना ‘ऑर’ करा. सीसीआय आणि व्यापारी, दोन्ही बाण एकाच गोलाला मिळतात.

आता ‘टास्क डिकंपोझिशन’. सगळ्या रेघांना डोळे मिटून ‘अँड’ केलंत तर मॉडेल बिघडलंच! ‘सीसीआयला देणे’खालची एकेक रेघ बघत चला.

८. खाली टास्क किंवा गोल असेल तर ‘अँड’ लावा: ‘नोंदणी करणे’, ‘कापूस वाळवणे’.

९. खाली रिसोर्स असेल तर ‘नीडेड-बाय’ लावा. सातबारा कामाला लागतो. तो कामाचा तुकडा नव्हे.

१०. खाली क्वालिटी असेल तर ‘क्वालिफिकेशन’ची तुटक रेघ ओढा. ‘ओलावा आटोक्यात’ इथे.

११. एकाच डोक्याखाली ‘अँड’ आणि ‘ऑर’ मिसळलेत का, ते तपासा. समजा, मोबाइलवरून नोंदणी किंवा केंद्रावर जाऊन नोंदणी, हे दोन्ही कुणी थेट ‘सीसीआयला देणे’खाली ओढलं असेल, तर मध्ये ‘नोंदणी व्हावी’ असा गोल घाला आणि ‘ऑर’ त्याच्याखाली न्या.

१२. योगदानाच्या रेघांवर मेक, हेल्प, हर्ट, ब्रेक यांपैकीच एक ठेवा. ‘व्यापाऱ्याला देणे’ पासून ‘पैसे लवकर हातात’कडे जुना ‘सम-प्लस’ आहे. मी त्याला ‘हेल्प’ करते. जोर किती ते माहीत नसताना ‘मेक’ लिहिणं म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी आपलं म्हणणं घालणं.

१३. बदललेल्या प्रत्येक ‘सम-प्लस’शेजारी जुना शब्द टिपून ठेवा.

१४. डिपेंडन्सीची शेतकऱ्याकडची टोकं तपासा. ‘कापसाची प्रत ठरावी’ यासाठी शेतकरी ग्रेडरवर अवलंबून आहे आणि ती रेघ ‘सीसीआयला देणे’ला अडकवली आहे. पण त्याचे तर तुकडे झालेत! २.० मध्ये डिपेंडन्सी निघते त्या टोकाचे तुकडे चालत नाहीत.

१५. त्याच टास्कखाली ‘प्रत ठरवून घेणे’ असा नवा टास्क ‘अँड’ने जोडा.

१६. डिपेंडन्सीचं टोक त्या नव्या टास्कला लावा.

१७. क्रमांक मोजा. प्रत्येक जुना क्रमांक नव्या रेघेत किंवा समासातल्या टिपेत सापडलाच पाहिजे.

१८. आकृती पायस्टार या २.० च्या आकृत्या काढायच्या साधनात काढून सेव्ह करा.

१९. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवा आणि दोन्हींना एकच प्रश्न विचारा: पैसे लवकर हवेत, तर शेतकऱ्याने कुठली वाट धरावी? उत्तर वेगळं आलं, तर बाराव्या पायरीवर परत या.