सांध्याच्या अस्तराची गुणपत्रिका

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत गुडघ्यावर हात टेकून जिना चढणाऱ्या आजी तुम्ही पाहिल्या असतील. ‘गुडघा सुजलाय, संधिवात असेल,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण विद्यार्थी मित्रांनो, सूज हे रोगाचे नाव नव्हे. ते केवळ लक्षण होय.

सुजेमागची कारणे किती निरनिराळी असतात, हे आपल्याच राज्यातील एका पाहणीत दिसले. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढांमध्ये सांध्यांच्या झिजेचा विकार सुमारे ५.८ टक्के, तर रुमॅटॉइड संधिवात सुमारे ०.५ टक्के आढळला. झिजेच्या विकारात हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजते. रुमॅटॉइडमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आपल्या देशात तिसरी शक्यताही ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे सांध्याचा क्षय.

नेमका रोग ओळखणे का महत्त्वाचे? रुमॅटॉइडची बरीच औषधे संरक्षक यंत्रणेला आवर घालतात. तीच औषधे क्षयाच्या रोग्याला दिली, तर जंतूंना मोकळे रान मिळते! रोगलक्षणे, रक्ततपासणी व क्ष-किरण चित्र यांवरून बहुतेक वेळा निदान होते. एकच सांधा दीर्घकाळ सुजलेला असेल आणि शंका फिटत नसेल, तर मात्र सांध्याच्या अस्तरालाच विचारावे लागते.

हे अस्तर म्हणजे सायनोव्हियम. सांध्याला वंगण पुरवणारा द्रव त्यातूनच येतो. निरोगी अस्तराच्या पृष्ठभागावर पेशींचे जेमतेम एक-दोन थर असतात. दाह झाला की अस्तर जाड होते.

शल्यचिकित्सक बारीक नळीच्या दुर्बिणीतून पाहत चिमट्याने अस्तराचे लहान तुकडे काढतात. ते फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवतात आणि त्यांचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! मग हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रके निळसर होतात व इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो.

आता सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी तपासायच्या. जर्मनीतील विकृतिशास्त्रज्ञ फाइट क्रेन व सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेल्या पद्धतीत प्रत्येकीला ० ते ३ गुण मिळतात:

१) पृष्ठभागावरील पेशींचे थर: एक थर ०, दोन-तीन थर १, चार-पाच थर २, त्याहून अधिक ३.
२) त्याखालील ऊतकात मूळच्या पेशींची दाटी किती वाढली आहे.
३) रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी किती जमल्या आहेत.

बेरीज ० किंवा १ आली तर दाह नाही, २ ते ४ आली तर सौम्य दाह, ५ ते ९ आली तर तीव्र दाह. झिजेच्या विकारात बहुधा सौम्य दाह, तर रुमॅटॉइडमध्ये बऱ्याचदा तीव्र दाह दिसतो. पण विशिष्ट महाकाय पेशी असलेल्या गाठी आणि त्यांत पनिरासारखा मृत भाग दिसला, तर बेरीज बाजूला ठेवून क्षयजंतूंचा शोध घ्यावा लागतो.

ही गुणपत्रिका कितपत विश्वासार्ह आहे? क्रेन यांच्या गटाने २००६ साली ५५९ नमुन्यांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. झिजेसारख्या विकारांचे दर शंभरातील सुमारे ९६ नमुने तीव्र वर्गाबाहेरच राहिले. मात्र रुमॅटॉइडसारख्या दाहक रोगांचे शंभरातील सुमारे ६२च नमुने त्या वर्गात आले. म्हणजे जास्त गुण हा दाहक रोगाचा सबळ पुरावा होय. पण कमी गुण म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. उपचारांनी दाह उतरलेला असू शकतो, किंवा तुकडा अस्तराच्या शांत भागातून घेतलेला असू शकतो.

आता हे कोडे सोडवा. एका काचपट्टीवर पृष्ठभागाचे चार थर दिसतात, खालच्या पेशींची दाटी किंचित वाढलेली आहे (गुण १) आणि रक्तवाहिन्यांभोवती थोड्या पांढऱ्या पेशी आहेत (गुण १). रोग्याच्या दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे रोज सकाळी तासभर आखडतात. एकूण गुण किती? केवळ तेवढ्यावरून ‘हा रुमॅटॉइड नाही’ असे तुम्ही लिहून द्याल का? उत्तर वहीत कारणासह लिहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.