बालकांची सर्जनशीलता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : घरात पाळावयाची पथ्ये

लसीकरणासाठी किंवा तापाखोकल्यासाठी मुलांना घेऊन येणारे पालक हल्ली जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतात. "डॉक्टरसाहेब, मुलगी मोबाइलला विषय सांगते आणि तो तिला गोष्ट लिहून देतो, चित्रही काढून देतो. हे चांगले की वाईट?" नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि हा प्रश्न घरोघरी पोहोचला. औषधाचे हित-अहित जसे मात्रेवर आणि घेण्याच्या वेळेवर ठरते, तसेच याचेही आहे. माझ्या मते येथे सर्वांत महत्त्वाचा आहे तो क्रम : आधी मूल, मग यंत्र.

कल्पनाशक्तीचे पोषण

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३० साली मांडले की, कल्पनाशक्ती आपली सामग्री प्रत्यक्ष अनुभवातूनच गोळा करते. अनुभव जितका समृद्ध, तितकी कल्पना समृद्ध. या दृष्टीने काचीगुड्यातील मराठी मूल भाग्यवान म्हटले पाहिजे. घरात आजीची मराठी, शेजारी तेलुगू, रस्त्यावर दखनी आणि शाळेत इंग्रजी. १९१६ साली बांधलेले घुमटांचे रेल्वे स्थानक आणि तेथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग. नवरात्रात पाटावरील हत्तीभोवती भोंडल्याचा फेर आणि त्याच सुमारास फुलांनी रचलेल्या बतुकम्माभोवती तेलुगू स्त्रियांचा फेर. भोंडल्याचा हत्ती बतुकम्माला भेटावयास निघाला तर काय होईल, हे सुचणे अशाच मुलाला शक्य आहे.

सुचण्यापूर्वी मात्र मूल अडते. पेन्सिल चावते, खोडते, कंटाळते, पुन्हा आरंभ करते. हे अडणे म्हणजेच मनाचा व्यायाम होय. तयार गोष्ट चार क्षणांत हाती आली की हा व्यायाम टळतो.

संशोधन काय सांगते?

दोन अभ्यास येथे उपयोगी आहेत. 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सुमारे तीनशे प्रौढांना लघुकथा लिहावयास सांगितले. ज्यांना यंत्राने कल्पना पुरविल्या, त्यांच्या कथा वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या. मुळात कमी सर्जनशील असणाऱ्यांना विशेष लाभ झाला. परंतु त्या कथा एकमेकींसारख्या होत गेल्या. म्हणजे प्रत्येकाचा थोडा लाभ, पण सर्वांच्या वैविध्याची हानी.

दुसरा अभ्यास तुर्कस्तानातील सुमारे एक हजार माध्यमिक विद्यार्थ्यांचा, गणित विषयातील, २०२५ साली प्रसिद्ध झालेला. थेट उत्तरे देणारे यंत्र वापरणाऱ्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. परंतु यंत्र काढून घेतल्यावर परीक्षेत ते यंत्राविना शिकलेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडले. केवळ सूचक इशारे देणाऱ्या यंत्रामुळे ही हानी जवळजवळ टळली. पहिला अभ्यास प्रौढांचा आणि दुसरा गणिताचा असल्याने ते बालकांच्या कल्पनाशक्तीला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि यंत्र कोणत्या रीतीने वापरले यावर परिणाम अवलंबून असतो, हा बोध घेण्यास हरकत नाही.

घरातील क्रम

१. प्रथम मुलाने स्वतः गोष्ट सांगावी किंवा चित्र काढावे. देवनागरी लिहिता येत नसेल तर त्याने बोलावे आणि आजीआजोबांनी ते शब्दशः लिहून घ्यावे. आपल्या मुलांच्या बोलण्यात तेलुगू आणि उर्दू शब्द येतात. ते सुधारू नयेत, यंत्राकडूनही सुधारून घेऊ नयेत. दखनीतील 'नक्को' हा आपल्याच 'नको'चा भाऊ आहे. शब्दांची अशी सरमिसळ हा या शहराचा जुना वारसा होय.

२. त्यानंतर पालकांनी यंत्राला सांगावे : "ही सात वर्षांच्या मुलाची गोष्ट आहे. तू गोष्ट लिहू नकोस. मुलाला विचार करावयास लावणारे तीन प्रश्न मराठीत विचार." हत्ती नदी कशी ओलांडतो? बतुकम्मा त्याला ओळखते का? उत्तरे मुलाने द्यावीत. यंत्राने काढलेले चित्रही मुलाच्या चित्रानंतरच पाहावे आणि "तुझ्या मनातला हत्ती याहून कसा वेगळा होता?" असे विचारावे.

३. शेवटी यंत्र बाजूला ठेवावे आणि गोष्ट हाताने पूर्ण करावी : वहीत लिहून, मातीत घडवून किंवा घरच्यांपुढे नाट्य करून. यंत्राने एखादी माहिती दिली असल्यास ती पुस्तकातून वा जाणत्या व्यक्तीकडून पडताळावी, कारण चुकीची माहितीही ते तितक्याच आत्मविश्वासाने सांगते.

वय, वेळ आणि गोपनीयता

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांखालील बालकास पडदा दाखवू नये. दोन ते पाच वयोगटात देखरेखीखाली एक तासाची मर्यादा पाळावी. वरील उपक्रमाचा वेळही त्याच मर्यादेत मोजावा. पाच वर्षांपर्यंत या यंत्राची आवश्यकता मला दिसत नाही. चॅटजीपीटीच्या अटींनुसार ते तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाही आणि अठरापर्यंत पालकांची अनुमती लागते. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत फोन पालकांच्याच हाती असावा. मुलाचे छायाचित्र, पूर्ण नाव, शाळा, पत्ता किंवा आजाराचा तपशील यंत्राला देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे, हे ध्यानात ठेवावे.

वैद्यकबंधूंना विनंती

आहार, झोप आणि खेळ यांची विचारपूस आपण करतोच. त्यात एका प्रश्नाची भर घालावी : "मूल यंत्राशी काय बोलते आणि किती वेळ?" किशोरवयीन मूल मनातील दुःख घरच्यांऐवजी यंत्रालाच सांगत असेल, तर तेथे कुतूहलापलीकडे जाऊन वेळीच लक्ष द्यावे लागेल.

यंत्रास असंख्य गोष्टी ठाऊक आहेत. आपल्या घरातील आजीची गोष्ट मात्र कोणी मुलाला सांगितली नाही, तर ती तिच्याबरोबरच संपेल. म्हणून या सुट्टीत पालकांनी एक कोरी वही आणावी, आजीआजोबांशेजारी मुलाला बसवावे, आणि फोन तासभर दुसऱ्या खोलीत ठेवावा. वहीची पहिली पाने भरली की मग यंत्राला प्रश्न विचारावयास बोलावण्यास हरकत नाही.