देवासाठी ‘तो’ आणि ‘तू’

शास्त्रपाठ : निर्गम 20:7, मत्तय 22:15-22

इंग्रजी माध्यमात शिकणारी आपली मुले कधी कधी विचारतात, “इंग्रजी शास्त्राच्या काही प्रतींत देवासाठी आलेल्या सर्वनामाचे पहिले अक्षर मोठे असते. मग मराठीत त्याला नुसते ‘तो’ का म्हणायचे? घरी आलेल्या पाहुण्यांनाही आपण ‘ते’ म्हणतो!” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे देवाच्या नावाविषयी आदर आहे.

प्रथम मूळ शास्त्राकडे पाहू. इब्री लिपीत मोठे व लहान अक्षर हा भेदच नाही. नव्या कराराच्या प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत सर्व मजकूर एकाच वळणाच्या मोठ्या अक्षरांत आहे. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त हे शब्द नकलनवीस संक्षेपाने लिहून त्यांवर आडवी रेघ देत. सर्वनामांना मात्र अशी खूण नव्हती. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरातही देवाची सर्वनामे लहान अक्षरांतच आहेत. 1982 साली पूर्ण झालेल्या न्यू किंग जेम्स भाषांतरात ती मोठी आहेत. तेव्हा ही छपाईची रीत आहे, देवाची आज्ञा नव्हे.

या रीतीने वाचकाला मदत होते, पण कधी भाषांतरकाराचे मतही शास्त्रवचनात शिरते. 2 थेस्सलनी. 2:7 मधील ‘अडवणारा’ कोण, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. न्यू किंग जेम्समध्ये तेथे मोठे अक्षर असल्याने तो देवच, असा निर्णय वाचकापुढे आयताच येतो. मराठी वाचकाला मात्र संदर्भ पाहून स्वतः विचार करावा लागतो.

आता आजचा पाठ पाहा. परूश्यांच्या शिष्यांनी प्रभूला गुरू म्हटले, त्याच्या सत्यनिष्ठेची स्तुती केली. पण मनात त्याला शब्दांत पकडण्याचा डाव होता. त्याच इंग्रजी भाषांतरात त्यांच्या तोंडचे सर्वनामही मोठ्या अक्षरात आहे! अक्षर आदराचे, अंतःकरण कपटाचे. प्रभूने मात्र त्यांचे अंतःकरण ओळखले.

आपल्या मराठीत ‘तू’ हा केवळ कनिष्ठासाठीचा शब्द नाही. अनेक घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणतात, पण आईला ‘तू’च म्हणतात. त्यात अनादर नसतो, जवळीक असते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण स्वर्गीय पित्याला ‘तू’ म्हणतो, तो लेकराचा हक्क आहे. मात्र त्याच प्रार्थनेतील पहिली विनंती त्याचे नाव पवित्र मानले जावे ही आहे. जवळीक आणि भय ही दोन्ही तेथे एकत्र नांदतात.

म्हणून कोणी प्रार्थनेत ‘आपण’ म्हटले, तर त्याला दोष देऊ नये. कोणी ‘तू’ म्हटले, तर त्याला उद्धट समजू नये. मुलांनाही हेच सांगावे की, देवाचा मोठेपणा आपल्या लेखणीतल्या अक्षरापेक्षा आपल्या वागण्यात दिसला पाहिजे.

मननासाठी : देवाचे नाव मी ओठांनी घेतो, तेव्हा माझे अंतःकरण कोठे असते?