पायाखालच्या मातीची परीक्षा : सुरतेच्या भूमीचा धडा

कोणत्याही वास्तूचा भार अखेर जमिनीवर पडतो. विटा, सिमेंट व पोलाद आपण पारखून घेतो. परंतु ज्या मातीवर हे सर्व उभे राहावयाचे, तिची पारख पुष्कळदा राहून जाते. ही उणीव किती महाग पडू शकते, हे समजून घेण्यास सुरत शहराची भूमी उपयुक्त ठरेल.

मुलताई येथे उगम पावणारी तापी खानदेशातून वाहत जाऊन सुरतेच्या पुढे समुद्रास मिळते. खानदेशची काळी माती ती युगानुयुगे वाहून नेत आली आहे. म्हणून सुरतेत पुष्कळ ठिकाणी वर काळी चिकण माती व तिच्याखाली पोयटा आणि वाळू यांचे थर आढळतात. उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांच्या घरांखाली त्यांच्याच नदीचा गाळ आहे.

काळ्या मातीचा गुणधर्म

बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. पावसाळ्यात जमीन वर उचलली जाते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. उथळ पायावरील हलके घर या हालचालीबरोबर वरखाली होते; भिंतींना तिरप्या चिरा पडतात आणि दारे अडकू लागतात.

मातीचा हा फुगवटा मोजण्याची पद्धत सोपी असून शाळेच्या प्रयोगशाळेतही ती करून पाहता येते. भट्टीत वाळवलेली व ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावी. एकात रॉकेल व दुसऱ्यात ऊर्ध्वपातित पाणी १०० मिलिलिटरपर्यंत भरून, ढवळून २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये मातीचे घनफळ १० व पाण्यात १६ मिलिलिटर भरले, तर फुगवटा शेकडा ६० झाला. हे प्रमाण शेकडा ५० हून अधिक असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घेतल्यावाचून पाया घालू नये.

अशा जमिनीसाठी रूडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असणाऱ्या खांबांचा पाया विकसित केला. खोल काळ्या मातीत हे खांब सामान्यतः किमान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतुमानानुसार होणारा ओलाव्याचा बदल तेथवर फारसा पोहोचत नाही.

खोल थरांची तपासणी

मोठ्या इमारतीसाठी केवळ वरची माती पाहून भागत नाही. विंधन घेऊन निरनिराळ्या खोलीवरचे नमुने काढावे लागतात. त्याच वेळी ६३.५ किलोग्रॅम वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून टाकून नमुना-नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढील ३० सेंटिमीटरसाठी लागणारे ठोके मोजतात. ठोके जितके कमी, तितका थर भुसभुशीत. भूजलाची पातळीही नोंदवावी लागते.

भुसभुशीत वाळू पाण्याने भरलेली असेल, तर भूकंपात ती क्षणभर द्रवासारखी वागू शकते. १९६४ साली जपानमधील निगाता येथे याच कारणाने सबंध इमारती न मोडता कलल्या.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून तीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या सुरतेतही बहुमजली इमारत कोसळून प्राणहानी झाली. बांधकामातील दोष अशा हानीस कारण होतातच. तथापि गाळाच्या खोल थरांमध्ये भूकंपाची कंपने वाढू शकतात, ही गोष्टही विसरता येत नाही. म्हणून इमारतीचा आराखडा तयार होण्यापूर्वीच मातीचा अहवाल अभियंत्याच्या हाती असला पाहिजे.

ग्रामस्थांनी व अधिकाऱ्यांनी काय करावे ?

शाळेची खोली, पाण्याची टाकी वा समाजमंदिर यांच्या अंदाजपत्रकात माती-परीक्षणाचा खर्च प्रथमच धरावा. शेजारच्या जागेचा अहवाल आपल्या जागेस लावू नये; जुना नाला किंवा बुजविलेली विहीर असल्यास चार पावलांवर जमीन बदलते. अशा जागा गावातील वृद्धांना ठाऊक असतात. त्यांची माहिती नकाशावर नोंदवून घ्यावी आणि विंधनाची ठिकाणे त्यानुसार ठरवावीत. भिंतीची चीर पुन्हा लिंपता येते. घातलेला पाया बदलणे मात्र फार कठीण असते.