केसाळ कातडे आणि घोड्याचा साज

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात घोड्याच्या साजाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. निरुपयोगी मजकुराला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो. प्रस्तुत लेख तसा ठरू नये, एवढी काळजी घेतली आहे. तो लिहिण्यास कारण झाली एक चूक, आणि ती चूक माझीच होती.

सकाळी कॉलेजपूर्वी मी एका तबेल्यात काम करतो. तेथील एका घोडीसाठी अमेरिकन पद्धतीचा छातीचा पट्टा आणला होता. खोगीर मागे सरकू नये म्हणून हा पट्टा छातीवरून घेऊन खोगिराला बांधतात. त्याच्या दर्शनी बाजूस तांबूस-पांढरे गाईचे कातडे केसांसकट बसवलेले होते. घामाने आणि चिखलाने पट्टा मळला, तेव्हा मी तो कपड्यांच्या पावडरीत, गरम पाण्याच्या बादलीत रात्रभर भिजत ठेवला आणि सकाळी उन्हात खिळ्याला टांगला. संध्याकाळी पट्टा फळीसारखा कडक झाला होता. हात फिरवला की केस मुठीत येत होते. तोच पट्टा पुढे घोडीला चढवला गेला आणि तिच्या छातीवर जखम झाली. पंधरा दिवस ती उभी राहिली.

आमच्या घरी कातडी कमावण्याचा धंदा होता. आजोबांना पट्टा दाखवला. त्यांनी तो वाकवून पाहिला आणि म्हणाले, “आम्ही चुन्यात जे आठवडाभर करायचो, ते तू एका रात्रीत केलंस!” त्यांच्या या बोलण्यातच या विषयाचे सारे शास्त्र आहे.

दोन पदार्थ, एक वस्तू

नेहमीचे चामडे करताना कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवतात. चुना अल्कधर्मी असल्याने केसांची मुळे सैल होतात व केस खरवडून निघतात. त्यानंतर बाभळीची साल, हिरडा इत्यादींच्या पाण्यात ते कमावले जाते. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच तयार होते. केस राखायचे असतील तर मात्र चुना वर्ज्य. कातडे मीठ व आम्ल यांच्या द्रावणात ठेवून मग बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. केसांसह राखलेले कातडे आपल्यालाही परके नाही. जुन्या घरांतील मृगाजिन हे त्याच जातीचे.

म्हणजे या पट्ट्यात दोन पदार्थ एकत्र नांदतात. केस केराटिनचे आणि कातडे कोलॅजेनचे. धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. ती केराटिनला दुबळे करते आणि कातड्याच्या तंतूंमधील स्निग्धता धुऊन नेते. वंगण गेलेले तंतू वाळताना एकमेकांना चिकटतात व चामडे ताठरते. कातड्याला तेल मानवते, पण केसांवर पडलेले तेल धूळ धरते आणि केसांचे चिकट गुंते होतात. म्हणून दोन्ही बाजूंना एकच उपचार चालत नाही. शिवाय मूळ मेलेले असल्यामुळे गळलेला केस पुन्हा येत नाही.

हा साज आला कोठून?

स्पेनमधून मेक्सिकोत आणि तेथील गुराख्यांकडून टेक्सासमध्ये ही घोडेस्वारी पसरली. १८६७ साली कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेच्या ठाण्यावर गुरांचा बाजार सुरू झाला आणि टेक्सासचे कळप शेकडो मैल हाकत तेथे नेले जाऊ लागले. काटेरी झुडपांपासून पाय वाचावेत म्हणून गुराखी विजारीवर कातड्याची आवरणे घालीत. उत्तरेकडील थंड मुलखात तीच आवरणे लांब केसांच्या अंगोरा बोकडाच्या कातड्याची असत. आज पट्ट्यावर, लगामावर वा खोगिरावर दिसणारे केसाळ गाईचे कातडे मुख्यतः शोभेसाठी असते. घाम मात्र त्याच्यापर्यंत पोचतोच. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असते, शिवाय फेस आणणारे एक प्रथिनही असते. घासणाऱ्या पट्ट्याखाली पांढरा फेस दिसतो तो यामुळेच. शिवणीच्या छिद्रांतून हे मीठ आत शिरते.

स्वच्छतेची रीत

१. चिखल ओला असताना चोळू नये. तो पूर्ण वाळू द्यावा आणि मऊ ब्रशने केसांच्या ओघाने झाडावा. खराऱ्याचे लोखंडी दाते केस तोडतात.

२. वाटीभर कोमट पाण्यात लहान मुलांच्या सौम्य शांपूचे चारसहा थेंब घालून फेस करावा. घट्ट पिळलेल्या फडक्याने फक्त फेस घेऊन, ओघानेच पुसावे. आधी आतल्या कोपऱ्यावर प्रयोग करून पाहावा. पट्टा बुडवू नये.

३. स्वच्छ पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने शांपू काढावा आणि कोरड्या पंचाने टिपून घ्यावे.

४. सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी वाळवावे. ऊन, चूल वा हीटर नको. खिळ्यावर घडी पडते, म्हणून जाड गोल लाकडावर टाकावे. वाळल्यावर पुन्हा ब्रश फिरवावा.

५. गुळगुळीत चामडे व अस्तर रोज स्वारीनंतर ओलसर फडक्याने पुसावे. खोगिराचा साबण व तेल केवळ गुळगुळीत बाजूलाच, तेही बोटभर फडक्याने.

६. बकला व टाके तपासावेत. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, विशेषतः पावसाळ्यात, कारण बुरशी धरते. लोकर खाणारी कसर या केसांवरही जगते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नायट्यासारखा बुरशीजन्य त्वचारोग एका घोड्याचा साज दुसऱ्याला वापरल्याने पसरतो, आणि माणसालाही होऊ शकतो. केसाळ साजात ती बुरशी दडून राहते, आणि जहाल जंतुनाशक लावावे तर साजच खराब होतो. म्हणून प्रत्येक घोड्याचा साज वेगळा असावा, हेच उत्तम.

घोडीची जखम भरली, पण तेथे आता पांढरे केस आले आहेत. रोज खरारा करताना ते दिसतात. आपल्या मुखदुर्बळ सोबत्याला पट्टा टोचतो हे सांगता येत नाही. ते त्याच्या अंगावर चढवण्यापूर्वी आपल्या हातालाच कळले पाहिजे. आजोबांच्या हाताला ते कळे. मराठीत पैसाही कमावतात आणि कातडेही कमावतात. या दुसऱ्या कमाईकडे आपण सुशिक्षितांनी नाक मुरडले आणि तिच्यातील ज्ञान गमावले. मला ते परत मिळाले, पण त्याची किंमत घोडीने दिली.