गाडीचे चार दर्जे

नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायचा झाला, तर जाणता माणूस आधी दात बघतो. मग खूर बघतो, चाल बघतो. शिंगांचा रंग आणि गळ्यातले घुंगरू तो शेवटी बघतो. रंग काय, घरीसुद्धा लावता येतो!

मोटारीला दात नसतात. तिची परीक्षा कागदावर होते. म्हणून हा धडा.

डिझायर ही गाडी आपल्या रस्त्यावर रोज दिसते. मारुती कंपनीने ती २००८ साली आणली. २०१२ साली तिची लांबी चार मीटरच्या आत आणली. असे का केले? चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर कर कमी बसतो. डिकी थोडी आखूड झाली, पण किंमत आवाक्यात राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे.

या एकाच गाडीचे चार दर्जे आहेत. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस. इंजिन चारींचे तेच. मग जास्तीचे पैसे कशाचे?

एका घरी असेच बोलणे चालले होते. सोयाबीनचे पैसे आले होते. बाकीचे कर्ज काढायचे होते.

धाकटा म्हणाला, "आबा, घ्यायची तर प्लसच घेऊ. तिच्या छपराला उघडणारी काच आहे."

आबा म्हणाले, "छप्पर उघडून आत काय घ्यायचं? ऊन?"

"बरं, पण जिवाला धोका नको ना. खालच्या गाडीत काय असतंय?"

हा प्रश्न खरा. २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या नव्या डिझायरमध्ये चारी दर्जांना सहा एअरबॅग आहेत. एअरबॅग म्हणजे हवेची पिशवी. टक्कर झाली की ती क्षणात फुगते आणि माणसाला झेलते. मात्र पट्टा बांधलेला हवा. पट्टा नसेल तर तीच पिशवी इजा करते. म्हणजे जीव वाचवणारे हे सामान सर्वांत स्वस्त गाडीतही आहे.

व्हीएक्सआयमध्ये मागच्या माणसांना गार हवा मिळते. घरात म्हातारी माणसे असतील, तर उन्हाळ्यात हे मोलाचे. सीएनजी हवी असेल, तर ती व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय याच दोन दर्जांत मिळते. पण टाकी डिकीत बसते, पोती ठेवायला जागा उरत नाही. पंप गावापासून किती लांब, तेही आधी विचारावे.

आता हिशेब. समजा, दोन दर्जांत एक लाखाचा फरक आहे. तो कर्जाने भरायचा. व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे २,०७६ रुपये वाढतो. पाच वर्षांत सुमारे १,२४,५०० रुपये जातात. पाऊस नाही झाला तरी हप्ता चुकत नाही.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. दुकानात तो कागदावर लिहून मागावा. गाडीची किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा, सगळे वेगवेगळ्या ओळींत. विमा बाहेरूनही काढता येतो.

आबांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. शेवटच्या ओळीवर ते थांबले.

"हे काय रं?"

"गाद्यांच्या खोळी, आबा. त्यांनी आपणहून लिवल्यात."

"खोड ते."